काळ्या खडकांवरचा पावणा

शाहूपुरीत आमचं शेतीपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडील गेल्यापासून ते मी चालवते. या धंद्यात माणूस संशयी होतो, नाहीतर बुडतो. खोका नवाकोरा, वरचा शिक्का झकास आणि आतलं बेअरिंग डुप्लिकेट, हे आमचं रोजचं आहे. मी बेअरिंग हातात तोलते, कानाजवळ नेऊन फिरवते, मगच ठेवून घेते. 'मोटर आपोआप जळली' अशा आणाभाका घेणाऱ्या गिऱ्हाइकावर मी आजवर एकदाही विश्वास ठेवलेला नाही. त्यामुळं चौतीस वर्षांची होईपर्यंत माझं लग्न ठरलं नव्हतं, यात नवल काही नाही. बघायला आलेल्या प्रत्येकाला मी तसंच कानाजवळ धरून फिरवलं, आणि प्रत्येक वेळी मला कुठंतरी खरखर ऐकू आली.

हे स्थळ आणलं अव्वाच्या नेसरीच्या चुलत बहिणीनं. आईला आम्ही अव्वा म्हणतो. आमचं मूळ गाव कागलच्या पलीकडं, घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. मुलगा चाळिशीचा, नेसरीजवळचाच. नोकरीला उडुपीजवळ मालप्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळतो. पहिली बायको आजारानं गेली, मूलबाळ नाही. देणंघेणं काही नको म्हणतो. आणि एवढं सांगून मावशीनं हुकमाचा एक्का टाकला, "पावणा रोज लिंगपूजा केल्याबिगार चहासुदिक घेत न्हाय."

आमच्यात इष्टलिंग गळ्यात बांधतात. लहानपणी दीक्षेच्या वेळी स्वामी ते हातात देतात आणि मग ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. माणूस गेला की त्याला बसवून मातीत ठेवतात, तेव्हाही ते त्याच्या डाव्या हातात असतं. हे झालं शास्त्र. प्रत्यक्षात आमच्या घरातल्या निम्म्या पुरुषांची लिंगं देवघरात खुंटीला असतात. पण येणारा जावई मात्र लिंगधारीच पाहिजे, याबद्दल काकांचं मत ठाम होतं. काका म्हणजे माझे धाकटे चुलते. वडिलांच्या मागं आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

"देणंघेणं नको म्हणतोय," काका म्हणाले. "म्हंजे कायतरी भानगड हाय."

मलाही तेच वाटलं होतं. पण मला आणखीही काही वाटलं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं एकदा फोनवर बोलणं करून दिलं होतं. फोन स्पीकरवर, शेजारी काका, पलीकडं अव्वा. त्यानं माझं शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही. एवढंच विचारलं, "दुकानात एकट्याच असता, मग जेवता कधी?" मी काहीतरी तुटक उत्तर दिलं आणि नंतर आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून जाईना. इतकं गोड विचारणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो, असं मी स्वतःला बजावत होते. खरं सांगायचं तर मला तो हवा होता. म्हणूनच मी त्याच्यावर जास्त संशय घेत होते.

मुलाचं घरदार बघायला मोठी माणसं जातात, मुलगी जात नाही. मी म्हटलं, "मीबी येतो." काकांनी डोळे वटारले. मी म्हटलं, "राहायचं कुणाला हाय तिथं, तुम्हाला का मला?" अव्वानं तोंडाला पदर लावला आणि माझं जाणं ठरलं.

थंडीचे दिवस होते. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी जीव नको केला होता. अव्वानं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा बांधून घेतला होता, कारण मासे खाणाऱ्या मुलखात चहाच्या भांड्याचाही भरवसा नाही, असं तिचं म्हणणं. मालप्यात शिरलो आणि बंदरावरचा वास आला तशी तिनं पदर नाकाला लावला, तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

"हितं राहून मासं खात नसंल?" ती माझ्या कानात कुजबुजली.

त्याची जागा म्हणजे दोन खोल्या. अव्वानं पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन तवा हुंगला. मी पाहिलं, तिनं तव्याची मागची बाजूही हुंगली. काकांनी गादी दाबून पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले, नळ सोडून पाहिला. सगळं ठीकठाक होतं. डबे पुसलेले, फरशी लख्ख, देवघरात बसवण्णांचा फोटो आणि विभूती. एकट्या पुरुषाचं घर इतकं स्वच्छ कसं, हे मला खटकलं. कुणी बाई येत असणार. मी न्हाणीघरात जाऊन बाईची कंगवा-टिकली काही दिसते का ते बघून आले. काही नव्हतं, आणि त्यानंही माझं समाधान झालं नाही.

तो बोलायला कमी होता. उंच, किंचित वाकलेला, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. काका त्याला पगारापासून जमिनीच्या गटापर्यंत सगळं विचारत होते. तो सरळ उत्तरं देत होता आणि मधेच माझ्याकडं बघत होता. मग अचानक म्हणाला, "आज समुद्र शांत हाय. बेटावर होड्या चालू हाईत. चला, दाखवून आणतो."

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "घर बघाय आलोय का सहलीला आलोय? हा हितनं आपल्याला बाहेर काढतोय."

माझ्याही मनात तेच आलं होतं. शेजाऱ्यांशी आम्ही बोलू नये म्हणून तर हा आम्हाला समुद्रात नेत नसेल? पण आम्ही गेलो. काकांनी होडीत बसायच्या आधी अंगावरचं लाइफ जॅकेट ओढून पाहिलं, होडीवाल्याला पोहता येतं का विचारलं, आणि त्याच्या होकारावरही विश्वास ठेवला नाही.

बेट छोटं आहे. माड, शिंपल्यांचा किनारा, आणि पलीकडच्या बाजूला काळ्या खडकांचं एक टोक सरळ समुद्रात घुसलेलं. त्या खडकांकडं बघून मी थबकलेच. सगळे खांब. उभे, एकमेकांना चिकटून, पाच-सहा बाजूंचे, कुणी पाट्यावर घासून ठेवल्यासारखे. काही उंच, काही कापल्यासारखे बुटके, त्यांच्या माथ्यावर पाय ठेवत चालत जाता येतं. पाटीवर लिहिलं होतं की हा लाव्हा आहे, जमिनीतून वर आलेला, थंड होताना तडकून असा उभा राहिला. मादागास्कर आपल्या देशाला चिकटलं होतं त्या काळातला.

"छ्या," काका म्हणाले. "हे पाथरवटाचं काम हाय. टुरिस्ट याला पायजेत म्हणून सरकारनं बसवलंय."

"काका, आपल्याकडचा पन्हाळ्याचा दगडबी लाव्हाचाच हाय," तो म्हणाला.

"तो असा शिस्तीत उभा हाय व्हय? जन्म गेला आमचा काळ्या दगडात. दगडाला धार असती, कोपरा असतोय, पण असा हिशेबात दगड मी बघितला न्हाय." काकांनी उन्हासाठी आणलेल्या छत्रीच्या टोकानं एक खांब ठोकून पाहिला. मग दुसरा. आत पोकळ सिमेंट असणार अशी त्यांची खात्री होती. ठोकत ठोकत ते टोकाकडं निघाले. जीवरक्षक पोरगं लांबून शिट्टी मारत होतं. काकांनी तिकडं लक्ष दिलं नाही, कारण शिट्टी मारणाऱ्यालाही दडवायचं काहीतरी असणार.

लाट आली ती मी पाहिली. काकांनी पाहिली नाही, ते वाकून खांबाची सांध तपासत होते. तो माझ्या शेजारी उभा होता, आणि पुढच्या क्षणी तो तिथं नव्हता. दोन ढांगांत त्यानं काकांना दंडाला धरून मागं ओढलं आणि स्वतः समुद्राकडं पाठ करून त्यांच्यापुढं उभा राहिला. सगळं पाणी त्याच्या अंगावर आलं. काकांची छत्री गेली, टोपी भिजली, पण माणूस जागच्या जागी राहिला. अव्वा मागून किंचाळली.

पाणी ओसरलं तेव्हा तो नखशिखान्त भिजलेला होता. पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला. आणि त्या शर्टाखाली काही नव्हतं. ना दोरा, ना लिंगाची चांदीची डबी, ना कापडी पुरचुंडी.

काका धापा टाकत होते. आपला जीव वाचवणाऱ्या माणसाच्या छातीकडं त्यांनी रोखून पाहिलं आणि म्हणाले, "पावणं, लिंग कुठं हाय तुमचं?"

"गळ्यात न्हाय," तो म्हणाला.

"ते दिसतंयच की. खोलीवर ठिवलंय व्हय?"

त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, त्यानं ते पुसलंही नाही.

"समुद्रावर याचं म्हणून काढून ठिवलं आसंल," काका म्हणाले. आता ते जवळजवळ विनवत होते. कितीही झालं तरी दंडाला धरलेला हात त्यांना आठवत असणार.

त्यानं खाली बघून शर्टाचं टोक पिळलं.

"समजलं," काका म्हणाले. "जो चहाच्या आधी पूजा करतोय, तो कशाची करतोय ते समजलं." आणि ते अव्वाला घेऊन माडांच्या सावलीत जाऊन बसले. लांबून मला दिसलं, अव्वानं भाकरीचं फडकं सोडलं होतं आणि दोघं आमच्याकडं पाठ करून खात होते.

परतीची होडी यायला वेळ होता. मी खांबांवरून पाय टाकत त्याच्याजवळ गेले. माझा राग काकांपेक्षा मोठा होता. काकांचा एक जावई जात होता. माझं काय जात होतं ते मलाच माहीत.

"पूजेचं खोटं का सांगितलं?" मी विचारलं.

"मी सांगितलं न्हाय. बायको हुती तवा करत हुतो. मावशींना तेवढंच ठावं हाय. त्या सगळ्यांना सांगत गेल्या, मी खोडलं न्हाय."

"म्हणजे सोडलं? का विकलं?"

तो एका बुटक्या खांबावर बसला. मी बसले नाही.

"तिला दवाखान्यात तपासायच्या मशीनमधी घालायच्या आधी अंगावरचं सगळं काढून माझ्या हातात दिलं," तो म्हणाला. "मंगळसूत्र आतल्या खिशात ठिवलं. लिंग कुठं ठिवलं, ते मला आजपतोर आठवत न्हाय. औषधं आण, रक्त आण, नुसता पळत हुतो. नंतर बघतोय तर न्हाय. सगळा दवाखाना धुंडाळला. झाडूवाल्या बायकांच्या पाया पडलो. ती शुद्धीवर आली की पहिलं तेच मागायची. दोन-तीनदा सांगितलं, आत हाय, देतील. मग तिच्या तोंडाकडं बघवंना. माझं काढून तिच्या मुठीत दिलं. म्हटलं, हे घे तुझं."

लाट येत होती, जात होती. 

"तिनं मूठ सोडली न्हाय. गेली तवाबी मुठीतच हुतं. स्वामी आले, त्यांनी बघितलं, हातात लिंग हाय, बरं झालं म्हणाले. तसंच बसवलं तिला."

"तिला कळलं नसेल? रोज हातात घ्यायची वस्तू."

"माझं जरा मोठं हुतं," तो म्हणाला. "तिला कळलं हुतं का न्हाय, ते मला अजून ठरवता येत न्हाय."

"मग नवं का घेतलं नाही?"

"नवं मागाय गेलो की स्वामी विचारणार, जुनं कुठं गेलं. तिची आई नेसरीत हाय. लेकीचं लिंग दवाखान्यात हरवलं, दुसऱ्याचं घेऊन ती मातीत बसलीया, हे त्या म्हातारीला कळाय नको." मग थोडं थांबून म्हणाला, "तुम्हाला सांगायचं हुतं. म्हणून तर हिकडं आणलं. खोलीवर काका एक मिनिट सोडंनात. आता तुम्हाला ठावं झालं. काकांना सांगायचं असलं तर सांगा. मला त्यांच्याफुडं सांगता येणार न्हाय."

माझ्यातली दुकानदारीण तेव्हाही जागी होती. तिनं लगेच माल फिरवून पाहिला. गोष्ट चांगली होती. फार चांगली होती. ऐकणाऱ्या बाईचं काळीज हलेल अशी. आणि तपासायची कशी? दवाखान्यात कोण आठवणार? स्वामींनी तर हातात लिंग पाहिलंच होतं. उरली ती बाई, तिची मूठ उघडायची तर माती उकरावी लागेल. ज्याला खोटंच बोलायचं आहे त्यानं याहून सोयीची गोष्ट रचली नसती. मी त्याला तिथंच सोडून किनाऱ्याकडं निघाले. परतताना तो ओल्या कपड्यांत होडीच्या टोकाला बसला होता आणि काका मुद्दाम दुसऱ्या टोकाला.

त्या रात्री लॉजवर काकांनी निकाल दिला. बाकी काही असो, माणूस खोटारडा आहे. एक खोटं सापडलं, आणखी किती असतील? अव्वानं तव्याची आठवण काढली, तवा स्वच्छ होता म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर घाट चढला, झाडी संपली, आणि माझं डोकं एकाच ठिकाणी अडकून बसलं. काकांनी त्याला दोनदा वाट करून दिली होती. 'खोलीवर ठिवलंय व्हय?' 'समुद्रावर याचं म्हणून काढलं आसंल.' नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. काका खूश झाले असते, वर जीव वाचवल्याचा उपकार होताच, तिथंच सुपारी फुटली असती. काकांना तर स्वतःलाच ते ऐकायचं होतं. खोटारडा माणूस पुढं आलेलं तयार खोटं असं सोडून देतो का? आमच्या दुकानात तरी कुणी सोडलेलं मी पाहिलेलं नाही. एवढं सोपं खोटं ज्याच्या तोंडून निघालं नाही, त्यानं एवढं अवघड खोटं रचलं असेल?

बेळगावच्या अलीकडं चहाला थांबलो. काकांनी बशीत चहा ओतला, खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "नेसरीला कळवून टाकतो. स्थळ आमच्या मनात न्हाय म्हणून."

"कारण काय सांगणार?" मी विचारलं.

"खरं तेच सांगणार. गळ्यात लिंग न्हाय पावण्याच्या. गावाला कळू दे की."

म्हणजे ते नेसरीभर होणार होतं. तिच्या आईपर्यंत जाणार होतं. मग ती म्हातारी त्याला विचारणार, तुझं कुठं गेलं रे बाबा, आणि तो तिच्यापुढंही तसाच उभा राहणार, पाणी न पुसता. काका नंबर शोधत होते. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, फोन लांब धरून ते बोट फिरवत होते.

"मीच काढाय सांगितलं हुतं," मी म्हटलं.

काकांनी फोन खाली घेतला.

"समुद्रावर जायचं हुतं. लाटंत पडंल, म्हटलं, काढून ठिवा. मीच सांगितलं फोनवर."

"तू कवा बोललीस त्याच्यासंगं फोनवर?"

"बोलतो आम्ही," मी म्हटलं. "दुकानात असलो की. दोन महिनं झालं."

माझ्या घरात मी आजवर असं काही केलं नव्हतं आणि केलं आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता. काकांचं तोंड उघडंच राहिलं. चहावाला आमच्याकडं बघायला लागला.

"मग त्या बाबानं सांगायचं न्हाय का तसं?"

"कसं सांगील? माझं नाव पुढं आलं असतं. तुम्ही विचारलं असतं, चोरून बोलता व्हय? माझ्यासाठी गप बसला."

काकांनी फोन टेबलावर ठेवला. बराच वेळ त्यांनी मला शिव्या घातल्या, सगळ्या गाड्यावर ऐकू जातील अशा. पोरगी हाताबाहेर गेली, बापाची अब्रू घालवली, वगैरे. मी ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज हळूहळू उतरला आणि ते दंड चोळत म्हणाले, "पर माणूस ताकदीचा हाय. ओढलं तवा हात निखळतोय का काय वाटलं." आणखी एक चहा सांगून त्यांनी फोन उचलला, नेसरीला लावला आणि मोठ्यांदा म्हणाले, "व्हय, पसंत हाय. पोरीलाबी पसंत हाय. फुडचं बोलूया."

 गाडी सुरू झाल्यावर अव्वा माझ्याकडं सरकली.

"दोन महिनं तुझा फोन माझ्याफुडं पडलेला असतोय," ती हळूच म्हणाली. "कवा बोललीस?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"का बोललीस खोटं, ते विचारत न्हाय," अव्वा म्हणाली. "खात्री करून बोललीस न्हवं?"

"न्हाय," मी म्हटलं. "खात्री करता येण्यासारखं न्हाय ते."

तिनं माझा हात धरला. निपाणी गेली. पुढं काका झोपले, घोरायला लागले. आणि मला एकदम रडू फुटलं, हुंदके देऊन, थांबता थांबेना असं.

"आता का रडतीस?" अव्वा घाबरून म्हणाली. "झालं की तुझ्या मनासारखं."

तिला काय सांगणार होते? मला दिसत होती ती मूठ. स्वतःचं नाही हे बोटांना कळलेलं, आणि तरी सोडली नाही अशी. तिला कळलं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मला देण्यासारखं ते त्याच्याकडं आता उरलेलं नव्हतं, कितीही नवं घेतलं तरी. लग्न ठरून दोन तासही झाले नव्हते, आणि नेसरीच्या मातीत बसलेल्या, मी कधी न पाहिलेल्या त्या बाईचा मला हेवा वाटत होता.